पिलांची हगवण : ‘स्वाइन फीवर नाही’ हे निदान नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एखाद्या वराहपालन केंद्रात आठवड्याभरात बरीच पिले हगवणीने दगावतात, नमुने प्रयोगशाळेत जातात, आणि काही दिवसांनी ‘आफ्रिकन स्वाइन फीवर आढळला नाही’ असा अहवाल येताच विषय संपतो, अशा स्वरूपाच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. त्या अहवालाने दिलासा वाटावा हे स्वाभाविकच आहे. मे २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशात हा रोग भारतात प्रथम सिद्ध झाल्यापासून त्याचे नाव काढले तरी पालकाच्या पोटात गोळा येतो, कारण त्यावर उपचार नाही आणि बाधित ठिकाणाभोवतीच्या एक किलोमीटर परिघातील डुकरे मारून पुरावी लागतात. परंतु त्या अहवालाने एकाच प्रश्नाचे उत्तर दिलेले असते. पिले कशाने मेली हा दुसरा प्रश्न तसाच राहतो, आणि पालकाच्या दृष्टीने खरा प्रश्न तोच असतो. पशुवैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्रात उभी नोकरी केलेला माणूस म्हणून या दुसऱ्या प्रश्नाविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे.

आधी एक विनंती वृत्तपत्रांनाच. डुकरे मेल्याच्या बातमीत ‘स्वाइन फ्लू’ हा शब्द सर्रास घुसडला जातो. स्वाइन फ्लू हा श्वसनमार्गाचा रोग आहे. क्लासिकल आणि आफ्रिकन स्वाइन फीवर हे दोन पूर्णपणे वेगळ्या विषाणूंमुळे होणारे, सर्वांगात पसरणारे रोग आहेत. मी ज्यांच्याविषयी लिहीत आहे ते आतड्याचे विषाणुजन्य रोग ही तिसरीच गोष्ट आहे. या तिसऱ्या गटातील टीजीई आणि पीईडी हे पिलांच्या हगवणीचे रोग (पूर्ण नावे पुढे येतील) माणसाला होत नाहीत. याच गटातील डेल्टाकोरोनाविषाणू मात्र हैतीमधील तीन मुलांच्या २०१४-१५ मध्ये घेतलेल्या रक्तनमुन्यांत आढळल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यामुळे डुकरांचे विषाणू डुकरांपाशीच राहतात असे सरसकट म्हणता येणार नाही. पण त्यावरून गावात घबराट पसरवण्यासारखेही काही नाही.

पहिल्या आठवड्यातील पिलाला पिवळसर, पाण्यासारखी हगवण लागली, ते ओकू लागले आणि दोन-तीन दिवसांत सुकून मेले, तर संशयितांची यादी मोठी असते. अमेरिकेत १९४६ मध्ये वर्णन झालेला ट्रान्समिसिबल गॅस्ट्रोएन्टेरायटिस, म्हणजे टीजीई. हुबेहूब त्याच्यासारखा दिसणारा पोर्साइन एपिडेमिक डायरिया, म्हणजे पीईडी. हाँगकाँगच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेला डेल्टाकोरोनाविषाणू. आणि ए, बी व सी गटांचे रोटाविषाणू. याखेरीज ई. कोलाय आणि क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हे जिवाणू आहेत, आणि साधारण पाचव्या दिवसानंतर कॉक्सिडिया हा परजीवीही आहे. गोठ्याच्या दारात उभे राहून यांतला कोणता हे कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. अंदाज मात्र बांधता येतो. विषाणुजन्य हगवणीत न पचलेली दुधातील शर्करा मोठ्या आतड्यात आंबते आणि विष्ठा आम्लधर्मी होते, तर ई. कोलायच्या विषाने लागलेल्या हगवणीत ती बहुधा अल्कधर्मी असते. त्यामुळे साधा लिटमस कागदही गोठ्यात उपयोगी पडतो, आणि तो खिशात बाळगणारे पशुवैद्यक आता कमी दिसतात याचे मला वाईट वाटते. वयावरूनही काही कळते. टीजीई किंवा पीईडी एखाद्या केंद्रात पहिल्यांदाच शिरला, तर चार-पाच दिवसांत लहानमोठी सगळीच जनावरे हगवू लागतात, पण मरतात ती मुख्यतः पहिल्या आठवड्यातील पिले, आणि ती जवळजवळ सगळीच मरतात.

असे का होते हे कळल्याशिवाय नमुन्याविषयीचा आग्रह समजणार नाही. लहान आतड्याच्या आतल्या पृष्ठभागावर मखमलीच्या लवीसारखे असंख्य सूक्ष्म अंकुर असतात आणि निरोगी नवजात पिलात अंकुराची उंची त्याच्या मुळाशी असलेल्या खळग्याच्या खोलीच्या सुमारे सातपट असते. हे विषाणू नेमके अंकुरांवरील पेशींत वाढतात, त्या पेशी झडतात, अंकुर खुरटतात, आणि टीजीईच्या तीव्र अवस्थेत सातास एक हे प्रमाण एकास एकवर येते. दूध आणि पाणी शोषून घेणारा पृष्ठभागच उरत नाही, म्हणून आईला लुचत असलेले पिलूही शरीरातील पाणी संपून मरते. शवविच्छेदनात जठरात न पचलेल्या दुधाच्या गुठळ्या सापडतात आणि आतड्याची भिंत इतकी पातळ झालेली असते की आतले पिवळे पाणी बाहेरून दिसते. नवजात पिलात अंकुरांवरील पेशींचा थर नव्याने तयार व्हायला पाच ते सात दिवस लागतात. दूध तोडलेल्या पिलात हेच काम दोन-तीन दिवसांत होते. मोठी डुकरे वाचतात आणि पिले मरतात, त्यामागे हा फरक बऱ्याच अंशी आहे.

आता नमुना. माझ्या अनुभवात बहुतेक निदाने यंत्रापाशी फसत नाहीत, नमुन्यापाशी फसतात. रात्री कधीतरी मेलेले पिलू सकाळी सापडते, ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून दुपारपर्यंत तालुक्याच्या दवाखान्यात येते, आणि तेथून त्याच्या आतड्याचा तुकडा कसाबसा पुढे जातो. एप्रिल-मे महिन्यात विदर्भात किंवा मराठवाड्यात त्या तुकड्याचे काय होत असेल हे सांगायला नको. मुळात मृत्यूनंतर काही मिनिटांतच आतड्यातील अंकुर विरघळू लागतात, आणि मग अंकुर विषाणूने खुरटले की मेल्यावर कुजले हे सूक्ष्मदर्शकाखाली सांगता येत नाही. म्हणून पाठ्यपुस्तके एकमुखाने सांगतात की हगवण लागून चोवीस तासही झालेले नाहीत आणि ज्याला अजून प्रतिजैविक टोचलेले नाही असे जिवंत आजारी पिलू निवडावे, पशुवैद्यकाने त्याला वेदनारहित मृत्यू द्यावा आणि लगेच नमुने घ्यावेत. शक्य असेल तर अशी दोन-तीन पिले निवडावीत. लहान आतड्याच्या मधल्या आणि शेवटच्या भागाचे एक-दोन सेंटिमीटरचे तुकडे उघडून, तुकड्याच्या दहापट भरेल इतक्या दहा टक्के फॉर्मेलीनमध्ये टाकायचे. शेजारचेच तुकडे दोन्ही टोके बांधून, आतील द्रवासह, बर्फाच्या पेटीत ठेवायचे. फॉर्मेलीनची बाटली गोठवायची नाही आणि ताज्या तुकड्यांच्या पिशवीला फॉर्मेलीनचा स्पर्शही होऊ द्यायचा नाही, कारण पुढे त्यांतूनच जिवाणू वाढवून पाहायचे असतात.

पालकाला जिवंत पिलू मारायला सांगणे अवघड जाते, हे मला मान्य आहे. पन्नास माद्या असलेल्या केंद्राला तीन पिले जड नाहीत. परंतु परंपरेने डुकरे पाळणाऱ्या वडार, कैकाडी कुटुंबाकडे किंवा गोव्यात घरामागे दोन-तीन डुकरे ठेवणाऱ्याकडे ती एका वेतातली निम्मी पिले असू शकतात. अशा वेळी नुकत्याच हगवू लागलेल्या चार-पाच पिलांची पातळ विष्ठा, प्रत्येकी पाच-दहा मिलिलिटर, घट्ट झाकणाच्या स्वच्छ डबीत थंड ठेवून पाठवली तरी विषाणू आहे की नाही हे कळते. अंकुरांचे चित्र मात्र त्यातून मिळत नाही. कापसाची कोरडी काडी फिरवून ती तशीच कागदात गुंडाळून पाठवण्याने काहीच साधत नाही. वाढत्या डुकरांच्या कळपासाठी तर आणखी सोपा मार्ग आहे. कापसाची दोरी गोठ्यात अर्धा तास टांगून ठेवली की उत्सुकतेपोटी डुकरे ती चघळतात, मग ती पिशवीत पिळून लाळ काढायची. अमेरिकेतील प्रयोगशाळांत हा नमुना आता नेहमीचा झाला आहे, आणि त्यासाठी डुकराला धरावेही लागत नाही.

आरटी-पीसीआर हा शब्द २०२० नंतर कोणाला समजावून सांगावा लागत नाही, आणि सीटी हा आकडाही पुष्कळांनी स्वतःच्या अहवालावर पाहिलेला आहे. पिलांच्या विष्ठेवर तीच चाचणी होते आणि आकड्याचा अर्थही तोच असतो: आकडा जितका लहान तितका विषाणू जास्त, आणि साधारण सव्वातीनाचा फरक म्हणजे दहापट फरक. तीव्र आजारातील पिलाचा सीटी बहुधा विशीच्या आसपास किंवा त्याहूनही खाली असतो. तो ३५ च्या पुढे आला तर प्रयोगशाळेने ‘पॉझिटिव्ह’ असा शिक्का मारून मोकळे होऊ नये. बरे झालेले डुक्कर काही आठवडे विषाणूचे अंश टाकत राहते, आणि शेजारच्या गोठ्यातून बुटांवर आलेली घाणही चाचणीत उमटते. शिवाय ही चाचणी विषाणूचा आरएनए शोधते, जिवंत विषाणू नव्हे. जानेवारी २०१४ मध्ये कॅनडातील ऑन्टारिओत पीईडी शिरला, तेव्हा पिलांच्या खाद्यात वापरलेल्या, डुकरांच्या रक्तापासून बनवलेल्या प्लाझ्मा भुकटीत या विषाणूचा आरएनए सापडला. पण तो रोग लावू शकतो का हे ठरवण्यासाठी भुकटी प्रत्यक्ष पिलांना देऊन पाहावी लागली. भुकटीने पिलांना लागण झाली. त्याच भुकटीपासून बनलेल्या तयार खाद्याने ती झाल्याचे मात्र दाखवता आले नाही. एका केंद्रावरच नव्हे, खाद्य बनवणाऱ्या कारखान्यावरही बालंट येऊ शकते अशा प्रसंगी हा फरक किती मोलाचा असतो हे सांगायला नको.

या पत्रातील मुख्य मुद्दा मात्र अमेरिकेतील २०१३ च्या साथीमधून नीट दिसतो, म्हणून तिच्याविषयी थोडे अधिक लिहितो. त्या वर्षीच्या वसंतात आयोवा आणि आसपासच्या राज्यांतील काही केंद्रांत माद्या, पिले, सगळीच ओकू आणि हगवू लागली आणि नवजात पिले झपाट्याने मेली. पशुवैद्यकांना टीजीईचा संशय आला, आणि तो रास्त होता, कारण तेथे तो रोग त्यांच्या ओळखीचा होता. नमुने आयोवा स्टेट विद्यापीठाच्या पशुरोगनिदान प्रयोगशाळेत गेले. टीजीईची चाचणी नकारार्थी आली, रोटाविषाणूचीही नकारार्थी आली. येथे ‘टीजीई आढळला नाही’ असे लिहून फाइल बंद करता आली असती. परंतु ऊतकाच्या चकत्यांत अंकुर खुरटलेले स्पष्ट दिसत होते, म्हणजे अंकुरांवर कोणीतरी हल्ला केलेला होता, आणि तो कोणी केला याचे उत्तर अजून मिळालेले नव्हते. विष्ठा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तेव्हा कोरोनाविषाणूचे काटेरी कण दिसले. मग सर्व कोरोनाविषाणूंना समान असलेल्या जनुकभागावर बेतलेली पीसीआर केली, आणि मिळालेला क्रम पीईडीचा निघाला. मे महिन्यात अमेरिकेच्या कृषी विभागाच्या एम्स येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेने त्यास दुजोरा दिला. हा विषाणू अमेरिका खंडात तोवर कधीच नोंदवला गेलेला नव्हता. त्याचा जनुकक्रम चीनच्या आन्हुई प्रांतात सापडलेल्या एका विषाणूशी ९९ टक्क्यांहून अधिक जुळला.

नुकसान टळले असे नाही. पहिल्या वर्षात सुमारे ७० लाख पिले दगावल्याचा अंदाज आहे. पण साथ लक्षात आल्यापासून काही आठवड्यांत विषाणूचे नाव कळले, काही महिन्यांत त्याच्या नेमक्या चाचण्या देशभरच्या प्रयोगशाळांत सुरू झाल्या, आणि त्या चाचण्यांमुळेच फेब्रुवारी २०१४ मध्ये ओहायोत, पीईडीसारखीच लक्षणे असूनही पीईडी नसलेल्या पिलांत, डेल्टाकोरोनाविषाणू हाती लागला. प्रशासन मात्र तेथेही रेंगाळले. पीईडी हा जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या यादीतला रोग नसल्याने तो सरकारला कळवणे बंधनकारक नव्हते. ते बंधन जून २०१४ मध्ये, दोन कोटी ६२ लाख डॉलरच्या तरतुदीसह, घालण्यात आले. तोपर्यंत साथीला वर्ष उलटून गेले होते. आपल्याकडे प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीत टीजीईचे नाव आहे, पण जो रोग तपासलाच जात नाही तो कळवला जाण्याचा प्रश्न येत नाही.

अशी उदाहरणे आणखीही आहेत. पीईडीचा शोधच मुळी अशा एका नकारार्थी निष्कर्षातून लागला. १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये वाढत्या डुकरांत टीजीईसारखी हगवण आली, पण टीजीई निघाला नाही; हा दुसराच कोणीतरी आहे असे गृहीत धरून शोध चालू राहिला, आणि १९७८ मध्ये बेल्जियममधील गेन्ट येथे मॉरिस पेन्सार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्याने तो विषाणू वेगळा ओळखला. अलीकडची गोष्ट चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील. तेथे २०१६ च्या अखेरीस पिले मरू लागली तेव्हा आधी पीईडीच सापडला होता. जानेवारी २०१७ च्या मध्यानंतर मेलेल्या पिलांत पीईडी सापडेनासा झाला, पिले मात्र मरतच राहिली. सगळ्या जनुकीय सामग्रीचे क्रमवाचन केल्यावर वटवाघळांतील एका कोरोनाविषाणूशी नाते असलेला नवाच विषाणू निघाला. मे महिन्यापर्यंत चार केंद्रांत २४,६९३ पिले मेली होती. पहिला अहवाल बरोबर होता म्हणून पुढचे नमुने घ्यायचे थांबवले असते, तर हा विषाणू आणखी किती काळ पीईडीच्या नावावर खपला असता कोण जाणे.

याउलट, काही सापडले म्हणजे तेच कारण, असेही नसते. रोटाविषाणू निरोगी पिलांच्या विष्ठेतही वारंवार सापडतो. त्यामुळे विष्ठेत रोटाविषाणू मिळाला, पण आतड्याच्या चकतीत अंकुर शाबूत आहेत आणि वाढवलेल्या जिवाणूंत रोगकारक ई. कोलाय भरभरून आला आहे, अशा पिलाचा मृत्यू रोटाविषाणूच्या खाती टाकणे चूक ठरेल. याचसाठी फॉर्मेलीनमधील तुकडा हवा असतो. त्याच्या चकतीवर रंगीत प्रतिपिंडांची (अँटीबॉडींची) प्रक्रिया केली की विषाणू नेमका खुरटलेल्या अंकुरांवरच बसलेला दिसतो, आणि मग शंका राहत नाही. दुसरी अडचण गटांची आहे. बाजारात मिळणाऱ्या झटपट पट्ट्या आणि एलायझा या चाचणीचे संच बहुधा ए गटासाठी बनवलेले असतात. बी आणि सी गट त्यांत सापडत नाहीत. सी गट तर प्रथम डुकरांतच, ओहायोतील लिंडा सैफ यांच्या चमूला १९८० मध्ये सापडला, आणि भारतातील पिलांतही ए व सी हे दोन्ही गट नोंदवले गेले आहेत. येथे एक जुने, स्वस्त तंत्र आजही कामाचे आहे. रोटाविषाणूच्या आरएनएचे अकरा तुकडे असतात. जेलमध्ये विद्युतप्रवाहाने ते वेगळे केले की ए गटाचे पट्टे चार, दोन, तीन, दोन अशा समूहांत दिसतात आणि इतर गटांची मांडणी वेगळी येते. महागडा आयात संच लागत नाही, हात बसलेला तंत्रज्ञ मात्र लागतो. विषाणूंचे प्रमाण कमी असेल तर ते पकडण्यात हे तंत्र पीसीआरच्या मागे पडते, ही त्याची मर्यादा.

रक्तातील प्रतिपिंडांच्या चाचणीविषयी थोडक्यात. पिलू दोन दिवसांत मरते आणि प्रतिपिंड तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, त्यामुळे तातडीच्या निदानासाठी तिचा उपयोग नाही. कळपात विषाणू पूर्वी येऊन गेला का, हे मोठ्या डुकरांचे दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने घेतलेले रक्त सांगते. त्यातही एक खोच आहे. टीजीईच्या विषाणूच्या काट्याचे जनुक अंशतः गळून तयार झालेला, श्वसनमार्गात राहणारा आणि सहसा किरकोळ आजार करणारा एक विषाणू १९८४ मध्ये बेल्जियममध्ये आढळला; त्याचे प्रतिपिंड टीजीईच्या साध्या चाचणीत तसेच उमटतात. जातिवंत डुकरांची आयात करताना हा भेद करणारी खास एलायझा चाचणीच मागितली पाहिजे.

निदान कशासाठी हवे, विषाणूवर औषध तर नाहीच, असा प्रश्न मला अनेकदा विचारला गेला आहे. उत्तर असे की प्रत्येक कारणासाठी करायचे काम वेगळे आहे, आणि काही वेळा एकासाठी योग्य असलेले काम दुसऱ्यासाठी घातक ठरते. ई. कोलाय असेल तर गाभण मादीला लस आणि पिलाला नेमके प्रतिजैविक, कॉक्सिडिया असेल तर टोलट्राझुरिल हे परजीवीवरचे औषध, क्लॉस्ट्रिडियम असेल तर पुन्हा मादीचे लसीकरण. टीजीई किंवा पीईडी असेल तर पिलाला वाचवणारी गोष्ट म्हणजे आईच्या चिकातून आणि दुधातून सतत मिळणारे प्रतिपिंड; म्हणून परदेशातील अनेक केंद्रांत आजारी पिलांची विष्ठा आणि आतडी वाटून ती गाभण माद्यांना मुद्दाम खायला घालतात, म्हणजे विण्याआधी त्यांच्यात प्रतिकारशक्ती तयार होते. आपल्याकडेही काही तरुण व्यावसायिक पालक समाजमाध्यमांवरील चित्रफिती पाहून हा प्रयोग करू लागल्याचे कानावर येते, आणि मला त्याची धास्ती वाटते. ज्या देशात क्लासिकल स्वाइन फीवर आहे आणि २०२० पासून आफ्रिकनही आहे, तेथे निदानाशिवाय असे खाऊ घालणे म्हणजे एका गोठ्यातील रोग स्वहस्ते सर्व माद्यांना देणे होय. आणि जे पालक हा प्रयोग करत नाहीत ते बहुधा दुसऱ्या टोकाला जातात, म्हणजे हाताला येईल ते प्रतिजैविक टोचत राहतात. खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिन हे प्रतिजैविक वापरण्यावर केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली ती उगाच नव्हे. विषाणूने मरणाऱ्या पिलाला त्याचा काडीइतका उपयोग नव्हता आणि जिवाणू औषधाला दाद देईनासे झाल्याचे नुकसान मात्र माणसांच्या वाट्याला येत होते.

आता आपल्याकडे काय करता येईल. यंत्रे नाहीत असे मी म्हणणार नाही. पुण्यात औंध येथे पश्चिम विभागीय रोगनिदान प्रयोगशाळा आहे. नागपूर येथे मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ येथील महाविद्यालये आहेत. भोपाळची उच्च सुरक्षा प्रयोगशाळा आणि इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था यांनी तर २०२० मध्ये माणसांचे कोविडचे नमुनेही तपासून दिले. गुवाहाटीजवळ राणी येथे डुकरांसाठीचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. माझ्या पाहण्यातील बहुतेक प्रकरणांत अडले ते दुसरीकडेच: नमुन्यासोबतच्या अर्जावर ‘स्वाइन फीवरसाठी’ एवढेच लिहिलेले असे, आणि प्रयोगशाळा विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देऊन मोकळी होई. यात तिला दोष देता येत नाही. आफ्रिकन स्वाइन फीवर आधी तपासलाच पाहिजे, आणि तो नाही हे कळेपर्यंत बाकीचे नमुने हाताळण्यावर बंधने असणेही योग्यच आहे. पण तो नाही हे ठरल्यावर शीतपेटीत उरलेला तुकडा टाकून न देता पुढच्या तपासणीकडे वळवला गेला पाहिजे, आणि ही वळवण्याची जबाबदारी आजमितीस कोणाचीच नसल्यासारखी दिसते.

२०१९ च्या पशुगणनेत देशातील डुकरांची संख्या सुमारे ९० लाख ६० हजार भरली, म्हणजे २०१२ पेक्षा १२ टक्क्यांनी कमी, आणि त्यांतील सर्वाधिक, सुमारे २१ लाख, आसामात होती. महाराष्ट्रात हा व्यवसाय तुलनेने लहान आहे, त्यामुळे प्रत्येक जिल्ह्यात खर्चिक व्यवस्था उभारा अशी मागणी मी करणार नाही. एका प्रयोगशाळेत टीजीई, पीईडी, डेल्टाकोरोना आणि रोटाविषाणूचे तिन्ही गट एकाच नळीत तपासणारी पीसीआर सुरू झाली तरी सध्या पुरे. तालुका पशुवैद्यकीय चिकित्सालयात मात्र फॉर्मेलीनने भरलेली बाटली, झाकणाच्या डब्या, बर्फाची पेटी आणि लिटमस कागद एवढे सामान तयार असावे, आणि नमुना एसटीच्या टपावरून नव्हे तर शीतसाखळीतून जाईल अशी दरमहा ठरलेली नव्हे, गरजेनुसार निघणारी सोय असावी. न उकळलेल्या खरकट्यातून रोग गोठ्यात शिरू शकतो, म्हणून हॉटेलांतील खरकटे न उकळता घालणाऱ्या गोठ्यांतून नमुने आवर्जून यावेत.

नमुन्यासोबतच्या अर्जात पिलाचे वय दिवसांत, हगवण सुरू झाल्याची वेळ, दिलेली औषधे, माद्या हगवतात का आणि पिलू मारून नमुना घेतला की मेलेले होते, एवढे रकाने भरल्याशिवाय नमुना स्वीकारू नये. आणि प्रयोगशाळेकडून येणाऱ्या अहवालात ‘तपासले व आढळले नाही’ आणि ‘तपासलेच नाही’ अशा दोन स्वतंत्र रकान्यांत रोगांची नावे लिहिलेली असावीत, म्हणजे पालकाला आणि त्याच्या पशुवैद्यकाला उरलेला नमुना पुढे कशासाठी पाठवायचा हे त्याच दिवशी ठरवता येईल. पशुसंवर्धन आयुक्तालयाने यासाठी एक पानाचे परिपत्रक काढले तरी काम होण्यासारखे आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पशुवैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, पुणे